पेटिफर स्ट्रीटचा राखणदार

नेव्हिल ट्रेंबाथ एकवीस वर्षं एका शाळेत उपमुख्याध्यापक होता. तेवढ्या काळात चार मुख्याध्यापक आले आणि गेले. दर वेळी आता आपलाच नंबर म्हणून नेव्हिल नवा टाय आणायचा, आणि दर वेळी तो टाय घालून त्याला नव्या साहेबाच्या स्वागताचं भाषण करावं लागायचं. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या कपाटात चार उत्तम टाय होते आणि लोकांना शिस्त लावायची हौस तशीच्या तशी शिल्लक होती. लावायची कुणाला, एवढाच प्रश्न होता. बायको ग्लेनिस होती, पण तिला शिस्त लावायचा नाद त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडला होता.

मग त्याला पेटिफर स्ट्रीट सापडला. म्हणजे राहत तो तिथंच होता, चार नंबरच्या घरात. पण आपण कुठं राहतो ते त्याला निवृत्त झाल्यावर कळलं. मेलबर्नच्या उत्तर अंगाला, ट्रामच्या रुळांपासून दोन वळणं आत, अशी ही एवढीशी आळी. एका बाजूला मोजे विणण्याच्या बंद कारखान्याची पाठ, दुसऱ्या बाजूला भिंतीला भिंत लावून उभी असलेली नऊ घरं, सगळी १८८८ सालची. नगरपालिकेनं कधीतरी नकाशावर या नऊ घरांभोवती लाल रेघ ओढली, आत ‘संवर्धन क्षेत्र’ असं लिहिलं, आणि विसरून गेली. नेव्हिलच्या हाती तो नकाशा लागला आणि त्याला आपली शाळा परत मिळाली.

त्यानं ‘पेटिफर स्ट्रीट संवर्धन मंडळ’ काढलं. अध्यक्ष तो, चिटणीसही तोच. बाकीच्या आठ घरांतले लोक सभासद होते, कारण त्यांना विचारलेलंच नव्हतं. दाराला कोणते पाच रंग चालतात त्याचं रंगपत्र नेव्हिलच्या खिशात कायम असे. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसू नयेत. टीव्हीची तबकडी दिसू नये. दोन नंबरच्या पोरांनी परसात उड्या मारायची जाळी आणली, तर उडी मारल्यावर पोरांची डोकी कुंपणावरून दिसतात म्हणून त्यानं नगरपालिकेला पत्र लिहिलं. ग्लेनिसनं सहा उन्हाळे एसी मागितला. पण एसीचं बाहेरचं धूड बसवायला जागा फक्त घराच्या पुढच्या अंगाला होती.

“अठराशे अठ्ठ्याऐंशी साली एसी होता का?” नेव्हिल विचारायचा.

“अठराशे अठ्ठ्याऐंशी साली तूही नव्हतास,” ग्लेनिस म्हणायची. “लोक सुखात असतील.”

बाहेर चव्वेचाळीस अंश, उत्तरेकडून भट्टीसारखा वारा, आणि ग्लेनिस ओला टॉवेल मानेवर टाकून बसलेली. नेव्हिल मात्र शिडीवर चढून व्हरांड्याची झालर रंगवत असे. बिडाची नक्षीदार झालर, पानं आणि वेली. अख्ख्या आळीत इतकी अभंग झालर फक्त चार नंबरला होती. दर दोन वर्षांनी तो ती स्वतः, बारीक ब्रशनं, पान न् पान रंगवायचा. आपल्या दाढीला त्यानं कधी एवढा वेळ दिला नाही.

आणि या सगळ्यात सात नंबरचं घर होतं.

सात नंबरला स्तामातिया कलाफाती राहायची. लेस्बॉस बेटावरून नवऱ्याबरोबर १९६४ साली आलेली, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा. तिचा नवरा प्रोकोपी गवंडी होता. त्यानं घराचा मूळचा व्हरांडा पाडून त्या जागी सिमेंटच्या तीन कमानी उठवल्या, त्यातली मधली जराशी डावीकडे कललेली. पुढं मोझाइकच्या चार घोटीव पायऱ्या केल्या. आणि दर्शनी भिंतीवर, लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेल्या गुलाबी, काळ्या आणि पिवळ्या फरश्यांच्या तुकड्यांचं, तीन धुराड्यांचं एक मोठं जहाज चिकटवलं. नेव्हिल रोज सकाळी फिरायला जाताना सात नंबरवरून जायचा तेव्हा मान वळवायचा, जसं काही तिथं कुणी उघडं अंघोळ करतंय.

गेल्या हिवाळ्यात स्तामातियाचा गुडघा बदलला. धरून चालायला चाकांचा आधार, वॉकर, आला, पण चाकं पायऱ्या चढेनात. तेव्हा तिनं त्या पायऱ्या फोडून उतार करायची परवानगी मागितली. नगरपालिकेनं तिच्या कुंपणावर पिवळा कागद लावला, की शेजाऱ्यांचं काही म्हणणं असल्यास पंधरा दिवसांत कळवावं. मंडळ काढल्यापासून पंधरा वर्षांत नेव्हिलला इतका आनंद झाला नव्हता. टाय घालून तो सात नंबरला गेला.

स्तामातियानं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कडक कॉफीची चिमुकली वाटी पुढं केली, आणि पिठीसाखरेत घोळलेली बिस्किटं. एक खाल्लं की टायवर बर्फ पडल्यासारखं दिसे.

“मिसेस कलाफाती,” नेव्हिल टाय झटकत म्हणाला, “तुमच्या उताराला माझा विरोध नाही.”

“मग तसं लिहून दे.”

“पण जरा मोठा विचार करू या.”

“मोठा विचार तू कर. माझा गुडघा बदललाय, डोकं नाही.”

“नाही म्हणजे, पायऱ्या फोडणारच आहात, तर कमानीही काढू. ते... ते जहाजही. मूळचा लाकडी व्हरांडा परत करू, झालर लावू. मंडळ तुमच्या पाठीशी उभं राहील.”

“मंडळ म्हणजे तूच ना?”

“मूळ स्वरूपाचं काही मोल असतं, मिसेस कलाफाती.”

“मूळचा व्हरांडा मी बघितलाय,” स्तामातिया म्हणाली. “आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात माझी सासू त्यातून आरपार खाली गेली. कमरेपर्यंत. अर्धा तास तिथंच उभी राहून शिव्या देत होती. म्हणून प्रोकोपीनं सिमेंट घातलं. कमान वाकडी आहे, पावसात गळते, मला ठाऊक आहे. तो होता तोवर रोज त्याला बोलले मी तिच्यापायी. पण तो माझा हक्क. तुझा नाही. आणखी एक बिस्किट खा.”

नेव्हिलनं खाल्लं नाही. घरी येऊन त्यानं नगरपालिकेला अकरा पानी पत्र लिहिलं. नुसत्या उताराचं काय घेऊन बसलात, त्यानं लिहिलं, या क्षेत्रातल्या नऊच्या नऊ घरांची तज्ज्ञाकडून पाहणी करा, घरागणिक शेरा द्या, आणि जे घर वारशाला बाधा आणतं त्याला मूळ रूपात यायला भाग पाडा. ते होईपर्यंत सात नंबरच्या पायऱ्यांना कुणी हात लावू नये. नगरपालिकेला पत्राचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचायला वेळ झाला असावा, कारण तो ताबडतोब अमलात आला. उतार स्थगित झाला. मागाहून पाहणीही मंजूर झाली.

तोवर स्तामातिया मागच्या दारानं जाऊ-येऊ लागली. मागं निळसर दगडांची अरुंद बोळ होती. पूर्वी मैला न्यायची गाडी तिथून फिरायची. ओबडधोबड दगडांच्या फटींत तिच्या आधाराची चाकं अडकायची, आणि ती ग्रीक भाषेत काहीतरी बोलायची. अर्थ कळत नसला तरी बोळीतली मांजरं पळायची. दगडांना हात लावायची सोय नव्हती. बोळही संरक्षित होती.

पाहणीसाठी डॉ. इव्हेट क्वोक नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, कमरेला पिशवी. नेव्हिलनं त्यांना आळीचा इतिहास सांगितला, नारळाचा कीस लावलेला चॉकलेटी केक दिला, रंगपत्र दाखवलं, आणि शेवटी आपल्या झालरीपाशी नेऊन उभं केलं.

“ही पाहा. एकशे पस्तीस वर्षं. एक पान निखळलेलं नाही.”

बाईंनी पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि झालरीला लावलं. लोहचुंबक खाली पडलं. बाईंनी ते उचललं, दुसऱ्या पानाला लावलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते थेट नेव्हिलच्या बुटावर पडलं.

“रंगाचे थर जाड आहेत,” नेव्हिल म्हणाला. “मीच दिलेत.”

“हो, सुंदर दिलेत,” बाई म्हणाल्या, आणि शिडी मागून वर चढल्या. आतल्या बाजूला रंग खरवडून त्यांनी ओतकाम करणाऱ्याचा शिक्का शोधला, त्याचा फोटो घेतला. मग त्या सात नंबरला गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या कोटावर पिठीसाखर होती.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. नेव्हिलनं तो टाय घालून उघडला.

‘घर क्र. ७. स्थलांतरित कारागिरानं स्वतःच्या हातांनी केलेल्या घरबांधणीचा दुर्मीळ, अभंग नमुना. कमानी, मोझाइकच्या पायऱ्या आणि दर्शनी भिंतीवरील जहाज यांना स्वतंत्र संरक्षण द्यावं.’

‘घर क्र. ४. झालर ॲल्युमिनियमची, साधारण १९८४ सालची नक्कल. खिडक्या व दार नक्कल. क्षेत्राच्या महत्त्वात भर घालत नाही.’

‘भर घालत नाही’ हे शब्द नेव्हिलनं तीनदा वाचले. एकवीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकात त्यानं नेमकं हेच लिहिलं होतं. ते वाचणाऱ्याला कसं वाटतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्लेनिसनं अहवाल त्याच्या हातातून घेतला आणि चष्मा लावून वाचला. “म्हणजे आपल्या घराला कसलंच बंधन नाही?”

“आपण आव्हान देऊ.”

“ते तू दे. मी एसीवाल्याला फोन करते.”

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. समोर तीन नगरसेवक. नेव्हिल अहवालाच्या विरोधात बोलणार होता, आणि स्तामातियासुद्धा. पायऱ्या संरक्षित झाल्या तर तिचा उतार कायमचा बुडणार होता. त्यामुळं पंधरा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाकावर, एका बाजूचे म्हणून बसले. तिनं त्याच्यासाठी खिशातून एक बिस्किटही आणलं होतं.

नेव्हिल उठला. सुरुवात बरी झाली. पण श्रोते समोर दिसले की त्याच्या अंगात शाळा यायची.

“सभ्य गृहस्थहो, वारसा म्हणजे काय? सौंदर्य, प्रमाण, कारागिरी. आणि सात नंबरला काय आहे? एका अडाणी हातानं ओतलेलं सिमेंट. एक कमान तर सरळसुद्धा नाही. आणि ते जहाज! त्या भिंतीवर ते गळवासारखं आलंय. कुरूप, निव्वळ कुरूप...”

बाक करकरला. स्तामातियाला उठून उभं राहायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं.

“काय म्हणालास?”

“मिसेस कलाफाती, मी तुमच्याच बाजूनं...”

“अडाणी कुणाला म्हणालास? तुझ्या गावातल्या निम्म्या न्हाणीघरांत तुम्ही ज्या फरशीवर उभं राहून अंघोळ करता ती त्यानं बसवलीय. दिवसभर तुमच्या फरश्या, रात्री गुडघ्याला तेल. आणि रविवारी माझ्यासाठी जहाज.” मग ती नगरसेवकांकडे वळली. “मी या माणसाच्या बाजूनं बोलायला आले होते. आता नाही. लिहून घ्या. माझा नवरा वारसा आहे.”

मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती ग्लेनिस होती.

अहवाल एकमतानं मंजूर झाला. सात नंबर संरक्षित. त्याच आठवड्यात चार नंबरच्या दर्शनी भिंतीवर एसीचं भलंथोरलं धूड बसलं, ॲल्युमिनियमच्या वेलींच्या बरोबर मधोमध. ग्लेनिसनं दाराला लिंबासारखा पिवळा रंग दिला. रंगपत्रात तो नव्हता.

नेव्हिल दोन आठवडे घराबाहेर पडला नाही. ग्लेनिसला वाटलं, खोड मोडली. पण उपमुख्याध्यापकाची खोड इतकी स्वस्तात मोडत नसते. त्याला साहेब बदलायची सवय असते. एका रविवारी आर्किटेक्चरची वीसेक मुलंमुली सात नंबर बघायला आली, आणि त्यांतल्या एकीनं रस्त्यात उभ्या असलेल्या नेव्हिलला विचारलं, “हे घर कुणी उजेडात आणलं?”

नेव्हिलनं थोडा विचार केला. खोटं बोलणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

“पाहणी माझ्याच मागणीवरून झाली,” तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी अकरा वाजता नेव्हिल टाय घालून लोकांना सात नंबर दाखवू लागला. कमानीचा कल हा ‘जाणीवपूर्वक’ होता. जहाजाची तीन धुराडी म्हणजे ‘ग्रीस, ऑस्ट्रेलिया आणि आशा’. लोक वहीत उतरवून घ्यायचे. आणि स्तामातियानं उताराचा नवा अर्ज केला, की पायऱ्या फोडत नाही, त्यांच्यावर फक्त लाकडाचा सुटा उतार ठेवते, तेव्हा त्याला एकच हरकत आली. मोझाइकच्या अमूल्य पायऱ्या लाकडाखाली झाकल्या जातील, अशी. खाली सही: नेव्हिल ट्रेंबाथ, अध्यक्ष.

“तुला लाज नाही वाटत?” ग्लेनिसनं विचारलं.

“मी तत्त्वाचं बोलतोय.”

“तत्त्वाला गुडघे नसतात, नेव्हिल.”

हरकतीची बातमी स्तामातियाला तिनंच पोचवली. पुढच्या रविवारी नेव्हिल पंचवीस लोकांसमोर आशेच्या धुराड्यापर्यंत आला होता, तेवढ्यात सात नंबरचं पुढचं दार उघडलं. काळा कोट, हातात पर्स, स्तामातिया वरच्या पायरीवर उभी.

“तीन धुराडी चुकून झालीत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आम्ही आलो त्या जहाजाला एकच होतं. पण प्रोकोपी सबंध महिनाभर खाली पडून ओकत होता. त्यानं जहाज बाहेरून कधी बघितलंच नाही. नेव्हिल, इकडं ये. मला चर्चला जायचंय. हात दे.”

पंचवीस माणसं बघत होती. नेव्हिलनं हात दिला. स्तामातिया अंगानं भरलेली बाई होती, आणि तिनं आपला सगळा भार त्याच्यावर टाकला. चार पायऱ्या उतरायला सहा मिनिटं लागली. “हळू,” ती म्हणत होती, “पायरीला ओरखडा यायला नको. अमूल्य आहे.” खाली पोचल्यावर ती म्हणाली, “एक वाजता परत येईन. मग चढायचं.”

मंगळवारी सकाळी फोन आला. “नेव्हिल, तुझ्या पायऱ्या उतरायच्यात. डॉक्टरकडे जायचंय.” गुरुवारी मासळी आणायला. शुक्रवारी बहिणीचा वाढदिवस होता. नाही म्हणायची सोय नव्हती. मागच्या बोळीतून जा म्हणावं, तर ग्लेनिस समोर उभी असायची. एके दिवशी चढताना मधल्या एका पायरीवर दोघंही दम खायला थांबले, तेव्हा नेव्हिलला पहिल्यांदा जहाज अगदी जवळून दिसलं. गुलाबी फरशीचे कापलेले कोपरे नखाएवढे होते, आणि एकाही सांध्यात पातं शिरलं नसतं. आपल्या झालरीच्या पानांमागचे ओबडधोबड जोड त्याला आठवले.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं नगरपालिकेला लिहिलं की आपण हरकत मागं घेतो. उत्तर आलं की हरकत नोंदवली गेली असून तिच्यावर मार्चमध्ये सुनावणी होईल. तोवर पायऱ्यांवर काहीही ठेवू नये. आपल्या दक्षतेबद्दल आभार.

तेव्हा ऑगस्ट चालू होता, मार्चला अजून सात महिने होते. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, स्तामातियाच्याच डॉक्टरकडे, नेव्हिल खुर्चीतून उठायला गेला आणि उठेनाच. डॉक्टरनं त्याची पाठ दाबून पाहिली.

“अलीकडे जड उचललंत काही?”

नेव्हिलनं स्तामातियाकडे बघितलं. स्तामातियानं छताकडे बघितलं.

“सहा आठवडे पायऱ्या बंद,” डॉक्टर म्हणाला.

बाहेर येईपर्यंत ती दम खाऊन खाऊन हसत होती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली. “मग आता मला घरात कोण चढवणार?”

ग्लेनिस गाडी घेऊन आली. दोघांना सात नंबरसमोर उतरवून ती एकटीच घरी गेली आणि एसी बसवणाऱ्यांनी विसरून ठेवलेल्या दोन लांब, जाड फळ्या एकेक करून ओढत घेऊन आली. खालच्या फरशीपासून वरच्या पायरीपर्यंत तिनं त्या टेकवल्या, पायानं दाबून बघितल्या. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

“ग्लेनिस,” नेव्हिल म्हणाला, “याला परवानगी लागते.”

“तक्रार कर ना. पत्ता तुला पाठ आहे.”

स्तामातियानं आधाराची चाकं फळीवर चढवली. ग्लेनिसनं मागून हात लावला. पहिल्याच ढकलण्याला डावी फळी खाली सरकली, मोझाइकवर खरर आवाज झाला, आणि नेव्हिलच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याचा बूट फळीच्या टोकावर गेला होता. तो तसाच उभा राहिला, एक हात कमरेवर, दुसरा कुंपणाला धरून, सगळा भार त्या पायावर.

“धरलंस का?” वरून स्तामातियानं विचारलं.

“धरलंय.”

“बघ, उपयोगाचा आहेस,” ती म्हणाली, आणि ग्लेनिसला घेऊन आत गेली. आत कॉफीची भांडी वाजू लागली. फळीवर आता कुणी नव्हतं, तरी नेव्हिल थोडा वेळ तिच्यावर पाय ठेवून उभाच होता. पाठीमुळं त्याला वळता येत नव्हतं.

त्या फळ्या अजून तिथंच आहेत. नगरपालिकेला अद्याप कुणी कळवलेलं नाही.